पहिला क्रमांक, परभणी ते पोखर्णी

१९ नोव्हेंबर

आज वसमत रोडच्या चौकात रिक्षातून जाताना माझंच तोंड दिसलं. फ्लेक्सवर. दुमजली घराएवढं. फोटो मी बावीस वर्षांची असतानाचा, राष्ट्रीय स्पर्धेत दहा हजार मीटरला सुवर्ण मिळालं तेव्हाचा. गाल बसलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. त्या बाईला मी ओळखते, पण हल्ली आमचं येणंजाणं नाही. खाली लिहिलंय, "परभणीची वाघीण पुन्हा मैदानात!" माझ्या डोक्यावर काशीनाथअण्णांचा चेहरा, माझ्या दुप्पट. कडेनं शुभेच्छुकांची मुंडकी, सगळ्यांना गॉगल. आणि माझ्या पायांवर, ज्या पायांनी ते सुवर्ण आणलं त्यांच्यावर, कुणीतरी गुटख्याची पिचकारी मारलेली.

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं, मग फ्लेक्सकडं, मग पुन्हा आरशात. "तुमची बहीण का ताई?" म्हणाला. मी हो म्हणाले.

काशीनाथअण्णांचं बी-बियाणांचं दुकान आहे आणि येत्या निवडणुकीत त्यांना उभं राहायचंय. ताडकळसला, म्हणजे माझ्या माहेरी, ते माझ्या नावानं धावण्याची प्रबोधिनी काढायलेत. त्याआधी सात जानेवारीला परभणी ते पोखर्णी अशी मोठी दौड, नरसिंहाच्या मंदिरासमोर शेवट. मी त्यात पळावं, जिंकावं, म्हणजे प्रबोधिनीला वजन येतं. आदिनाथनं, माझ्या नवऱ्यानं, हे सगळं घरी आणलं. मी "बघू" म्हणाले होते. या गावात "बघू" म्हटलं की दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागतो.

२३ नोव्हेंबर

पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पळाले. पळाले कसली, स्वतःला फरफटत नेलं. मुलींच्या शाळेत इतकी वर्षं शिट्ट्या फुंकून आणि कवायती घेऊन हे असं झालंय. पोट नाडीवरून खाली आलंय, मांड्या एकमेकींना घासतात, छातीतून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज निघतो. घामाला आंबट वास येतो. पूर्वी माझ्या घामाला वासच नव्हता. घरी येऊन ते कपडे बादलीत टाकताना मी नाक दाबलं. स्वतःच्याच कपड्यांसाठी.

राजेश्री पुढं जाऊन उभी राहते, जागेवर उड्या मारत. वीस वर्षांची आहे, पोखर्णीची. वडिलांचं, सितारामचं, मंदिरापुढं नारळ-फुलांचं दुकान. दोन वर्षांपासून पहिल्या बसनं परभणीला येते, माझ्याकडं शिकते, मग कॉलेजला जाते. ती पळते तेव्हा वाटतं, रस्ताच कुणीतरी तिच्या पायाखालून ओढून घ्यायलंय.

"माझ्यासाठी थांबू नकोस," मी म्हणाले.

"थांबले न्हाई मॅडम. लेस सुटली होती."

लेस बांधलेली होती.

५ डिसेंबर

परवा पत्रकार आला होता. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "तुम्ही अनवाणी धावायचात ना?"

"नाही. वडील एसटीत कंडक्टर होते. शाळेत असतानाच त्यांनी परभणीहून बूट आणले होते."

"पण अगदी सुरुवातीला?"

"अगदी सुरुवातीला मी रांगायचे."

हसला नाही. "घरात खायचे हाल असतील."

"आई रोज भाकरीवर तुपाचा गोळा ठेवायची. तिला भेटा, ती तुम्हालाही वाढील."

त्याच्या वहीत काहीच जाईना. मी त्याला खरं सांगितलं. की ताडकळसच्या मैदानावर मी पोरांबरोबर पळायचे कारण मुली दमून बसायच्या आणि मला हरवायला कुणी उरायचं नाही. की पायाच्या नळीला बारीक तडा गेलेला असताना, डॉक्टर नको म्हणत असताना, मी दुखणं मारायचं इंजेक्शन घेऊन भारताच्या संघाची निवड चाचणी पळाले आणि शेवटच्या फेऱ्यांत हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. ऊस मोडतो तसा. त्यानंतर मी पुन्हा तशी पळाले नाही. हे तो ऐकत होता, पण लिहीत नव्हता.

आज छापून आलं. "अनवाणी पावलांनी गाठलं शिखर." सोबत भेगाळलेल्या टाचांचा फोटो. कुणाच्या टाचा आहेत देव जाणे.

आदिनाथनं तेही कात्रण कापून फायलीला लावलं. त्याच्याकडं माझी सगळी कात्रणं आहेत, लग्नाच्या आधीपासूनची. कधी कधी वाटतं, याचं लग्न त्या फायलीशीच झालंय आणि मी तिच्यासोबत आंदण आलेय.

१७ डिसेंबर

आज राजेश्रीला घड्याळ लावून पूर्ण अंतर पळवलं आणि मी पण पळाले. ती संपवून, अंग सैल करून, स्वेटर घालून बसली होती तेव्हा मी पोचले. तोंडाला फेस. उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन रस्त्यावर चिपाडांचा चिखल झालाय, त्यात घसरून हात माखलेला. तिनं पाणी पुढं केलं आणि दुसरीकडं बघितलं. तिचं ते दुसरीकडं बघणं मला सहन झालं नाही.

जेवताना आदिनाथला म्हणाले, "राजेश्री पळाली तर माझा दुसरा नंबर. आणि दुसऱ्या नंबरच्या बाईच्या नावानं कुणी प्रबोधिनी काढत नाही." हसतच म्हणाले.

तो भाकरी मोडायचा थांबला. "त्या चाचणीनंतर तू सहा महिने भिंतीकडं तोंड करून होतीस म्हणे. तुझी आई सांगते. तसं मला नाही बघायचं."

"मग काय करणार तू?"

"तू पळ. बाकीचं मी बघतो."

बाकीचं म्हणजे पाण्याच्या बाटल्या, गुडघ्याचं तेल, बूट. बिचारा.

२६ डिसेंबर

आठवडा झाला, राजेश्री नाही. "घरी काम हाय" एवढाच मेसेज. दौड दहा-बारा दिवसांवर आणि हिला घरी काम. आजकालच्या पोरींचं हेच. थोडं कौतुक झालं की अंगात येतं. दोन वर्षं मी हिच्या पायाला तेल लावलं, स्वतःच्या हातानं पट्ट्या बांधल्या.

आदिनाथ गेल्या आठवड्यात अण्णांच्या माणसांबरोबर पोखर्णीला मार्ग बघायला गेला होता. मंदिरापुढच्या टपऱ्या हटवायचं चाललंय म्हणे, शेवटाला मंडप टाकायला जागा पाहिजे. "राजेश्री दिसली का?" विचारलं. "तिच्या वडिलांच्या दुकानात चहा घेतला," म्हणाला. "साधा माणूस आहे." प्रसादाचा नारळ आणला होता. फोडला तर आतून नासका निघाला. सगळ्या घरात वास.

२ जानेवारी

आली एकदाची. थंडी मरणाची, तिच्या तोंडातून वाफा निघत होत्या. नमस्कार केला पण माझ्याकडं बघेना. पळाली नीट, पण यंत्रासारखी.

जायच्या वेळी बूट बांधता बांधता खाली मान घालून विचारलं, "मॅडम, तुमाला खरंच जिंकायचंय का?"

असला प्रश्न कुणी कुणाला विचारतं? "मग काय हरायला पळायचं?" मी म्हणाले. जरा जोरातच.

मान हलवली. बराच वेळ तीच गाठ बांधत होती. मग उठून बसकडं गेली. पोरगी घाबरलीय, दुसरं काही नाही. मोठी स्पर्धा हिनं बघितलीच कुठं?

७ जानेवारी, रविवार

जिंकले.

 क्रमानं लिहिते.

सुरुवातीला तासभर भाषणं. पाऱ्यानं तळ गाठलेला, पोरी चड्ड्यांवर कुडकुडत उभ्या, आणि अण्णा शाल पांघरून आरोग्याचं महत्त्व सांगायलेत. डीजे असा की छातीचा पिंजरा हलायला लागला. बायकांना जायला एक मोरी नाही. आम्ही सगळ्या तुरीच्या रानात गेलो आणि वरून ड्रोन फिरत होता. ड्रोन उडवणाऱ्याला मी दगड मारला, लागला नाही.

मग शिट्टी. राजेश्री सुटली ती दिसेनाशी झाली. मी तिसरी-चौथी. अर्ध्या वाटेपर्यंत बाकीच्या पोरी गळाल्या. रस्त्याच्या कडेला ज्वारी, वर धुकं, पुढं तिचं लाल बनियन टिकलीएवढं. आणि मग ती टिकली मोठी व्हायला लागली. पोखर्णी दिसायला लागली तेव्हा मी तिला गाठलं. माझ्या छातीतलं ते पिल्लू केकाटत होतं. तिचं तोंड मिटलेलं होतं. ती नाकानं श्वास घेत होती. तसं काही जणींचं असतं, दमल्या तरी तोंड उघडत नाहीत.

वेशीच्या कमानीच्या आत गाव दोन्ही बाजूंनी उभं होतं आणि कुणी आवाज काढला नाही. माझ्या आयुष्यात मी इतक्या शांततेत शेवटची रेघ ओलांडली नाही. यांची पोर पुढं असती तर घसा फुटेस्तोवर ओरडले असते. बाहेरची जिंकली की तोंडं शिवलेली. कोत्या मनाची माणसं.

मी तिथंच पालथी पडले. राजेश्री आली, म्हणाली, "अभिनंदन मॅडम," आणि घराकडं चालत गेली. सरळ. सितारामनं माझ्यासमोर नारळ फोडला, दोनदा चुकला.

तिला सांगायला पाहिजे, शेवटचा टप्पा पायांनी नाही, मनानं पळायचा असतो. तिथं ती कमी पडते.

११ जानेवारी

सत्कार, सत्कार, सत्कार. झेंडूच्या हारातून मुंग्या निघून मानेत शिरतात. पेढे खाल्लेले हात हातात घ्यावे लागतात. एका बँकेच्या माणसानं फोटो संपेपर्यंत पाठीवरचा हात काढला नाही, आणि संपल्यावरही नाही, शेवटी मी त्याच्या बुटावर पाय दिला. जी शाळा इतकी वर्षं मला नोकरीत कायम करत नाही तिथल्या अध्यक्षांनी मला "आमची लेक" म्हटलं. कप एवढा मोठा की टीव्हीपुढं ठेवलाय, वर प्लॅस्टिकचा गरुड, एक पंख आताच निखळलाय.

राजेश्री आली नाही. एकाही सत्काराला नाही, पहाटेही नाही. फोन उचलत नाही. हरली की गुरू नको होतो.

रात्री पेढ्यांचा वास अंगाला येत होता. दोनदा आंघोळ केली.

१८ जानेवारी

ताडकळसला आले. बाजारचा दिवस. आई, दगडाबाई, ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मी पाया पडले.

"पळालीस म्हणं," ती म्हणाली.

"जिंकले, आई."

"तेच म्हणायले." सूप खाली ठेवलं नाही. "बाजारात लोक हसायलेत. म्हणायलेत, नारळवाल्याची पोर एसटी थांबावी तशी थांबली अन् कंडक्टरची पोर चढली."

"कोण म्हणायलंय?"

"कोण म्हणंना गेलंय ते विचार. देवळापुढच्या समद्या टपऱ्या उचलल्या अण्णानं. त्या नारळवाल्याची तेवढी ऱ्हायली. ती कशामुळं ऱ्हायली, तू सांग मला."

मी म्हणाले, मला काय माहीत.

आई पहिल्यांदा वर बघून म्हणाली, "तुला न्हाई म्हाईत? लेकरा, तू पळणारी हायस ना?"

तिथून मी उठून गोठ्यामागं गेले. शेणाच्या ढिगाजवळ उभी राहिले कारण तिथं कुणी येत नाही. मला कळलं नव्हतं असं इथं लिहिलं तर ते खोटं होईल. ज्वारीच्या रानांपाशी तिच्या बनियनची टिकली मोठी व्हायला लागली तेव्हाच माझ्या पायांना कळलं होतं. माझा वेग वाढला नव्हता. तिचं तोंड मिटलेलं होतं. मी अठरा वर्षं ज्यांच्या मागं आणि पुढं पळाले त्यांपैकी एकीचंही तोंड तेवढ्या अंतरावर मिटलेलं नसतं. पायांनी सांगितलं आणि मी ऐकलं नाही, कारण पुढं कमान दिसायली होती.

पण ती का थांबली, हे मला खरोखर माहीत नाही. उद्या पोखर्णीला जाते.

१९ जानेवारी

सितारामच्या दुकानाशेजारी उचललेल्या टपऱ्यांच्या जागा आहेत. दात पाडल्यासारख्या. मातीत अजून खुंटांची भोकं. त्यानं फडक्यानं बाकडं पुसलं. "या मॅडम, बसा. चहा सांगू का?"

"राजेश्री का थांबली त्या दिवशी?"

तो इकडंतिकडं बघायला लागला. "झालं गेलं जाऊ द्या की मॅडम. तुमच्या शब्दाखातर केलं आमी."

"माझ्या शब्दाखातर?"

"तुमचे सर आले नव्हते का. म्हणले, मॅडमची इच्छा हाय, शेवटची दौड हाय त्यांची, पोरीला म्हणावं मोठं मन कर. अन् दुकानाची काळजी करू नका, अण्णा बघतेत." मग माझ्या तोंडाकडं बघून त्यानं फडकं पुन्हा हातात घेतलं.

मागून राजेश्री नारळाचं पोतं ओढत आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मला वाटलं तुमाला तोंडावर सांगायची लाज वाटायली," ती म्हणाली. "म्हणून त्या दिशी विचारलं, खरंच जिंकायचंय का. तुमी म्हणलात, मग काय हरायला पळायचं."

"राजेश्री, मला यातलं काही—"

"मी कमानीतून चालत आले मॅडम. पळत नव्हते. माझ्या गावासमोर. आजी उभी होती माझी."

"मला माहीत नव्हतं. आदिनाथनं माझं नाव सांगितलं ते मला माहीत नव्हतं."

"आता म्हाईत झालं न्हवं? मग?"

 सितारामनं हात जोडले. "मॅडम, तुमी थोर माणसं. पण हे कुठं बोलू नका. बाकीच्या चौघांचं बघा काय झालं. आमचं एवढंच हाय."

मला त्याची किळस यायला पाहिजे होती, सोपं झालं असतं. आली नाही. त्याच्या जोडलेल्या हातांना खोबऱ्याची भुकटी लागली होती.

२० जानेवारी

आदिनाथला समोर बसवलं. नाही म्हणाला नाही.

"तुझ्यासाठी केलं."

"माझ्या नावानं केलंस."

"तुला कुणी विचारत नाही आता. शाळेत नाही, कुठं नाही. एकदा जिंकलीस की प्रबोधिनी होईल, तुझं नाव भिंतीवर कायमचं राहील. मी काय चोरी केली?"

टेबलावर नव्या कार्डांचा गठ्ठा होता. आदिनाथ, व्यवस्थापक, शिवकन्या धाव प्रबोधिनी. माझं नाव त्याच्या नावापेक्षा बारीक.

"आणि हे?"

"ते अण्णांनीच दिलं. मी मागितलं नाही."

"तिला वाटलं मी हरायला सांगितलं. दोन वर्षं तिला शिकवलं मी."

त्यानं कार्डांचा गठ्ठा सारखा केला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला कळणार नाही."

मी न्हाणीत गेले. तोंडावर पाणी मारलं. ज्या माणसाकडं माझ्या प्रत्येक शर्यतीचं कात्रण आहे त्याला वाटलं की मला कळणार नाही. आणि त्याहून घाण म्हणजे, आजवर त्याचं खरं होतं. बारा दिवस मी हार घालून घेतले.

बॅग भरून आईकडं आले. इथून शाळेला बस आहे.

२३ जानेवारी

पोखर्णीला पुन्हा गेले. म्हणाले, "सव्वीसला ताडकळसला प्रबोधिनीच्या मैदानाचं उद्घाटन आहे. तिथं सगळ्यांसमोर तू आणि मी पाच हजार मीटर पळायचं. मी कुणाचं नाव घेणार नाही, दुकानाबद्दल एक शब्द बोलणार नाही."

"अन् दुकान?" सिताराम म्हणाला.

"अण्णांच्याच मैदानावर जी पोर जिंकेल तिच्या बापाचं दुकान मतं मागायच्या दिवसांत कोण उचलायलंय?"

"उचलत्याल मॅडम. त्यांचं काय सांगावं." तो काही पटून हो म्हणाला नाही, हे लिहून ठेवते. तो पोरीकडं बघत होता.

राजेश्री बराच वेळ दोरा दातात धरून हार ओवत होती. मग दोरा तोडला. "मी सोडणार न्हाई हां मॅडम. जरा बी न्हाई."

"सोडलंस तर पुन्हा तोंड बघणार नाही तुझं."

"तुमचं तोंड न बघायचं मी कवाच ठरवलं होतं," ती म्हणाली आणि पुढचं फूल घेतलं.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं, फीत कापली. भिंतीवर माझं नाव, ओल्या रंगाचा वास डोक्यात जात होता. मंडपाच्या खांबांना फुगे. अण्णांनी "दोन शब्द" म्हणून माईक दिला.

मी म्हणाले, "भाषण मला येत नाही. मैदान पळून उघडायचं असतं. मी आणि राजेश्री पळतो."

अण्णांना हे फार आवडलं. टाळ्या वाजवायला लावल्या. फोटोवाले पुढं पळाले. आदिनाथ मंडपाच्या कडेला उभा होता. त्याला कळलं, कारण त्यानं खाली मान घातली.

पहिल्या वळणावरच तिनं मला सोडलं. पहिल्यांदा लोक हसत होते, त्यांना वाटलं गंमत चाललीय, आता पोर थांबेल. ती थांबली नाही. मागून तिचा श्वास ऐकू आला, उघड्या तोंडाचा, करवतीसारखा, आणि ती मला पूर्ण एक फेरी टाकून पुढं निघून गेली. माझ्याकडं बघितलं नाही. माती उडून माझ्या तोंडात गेली. खरं पळणारं माणूस जवळून गेलं की वारा लागतो. किती वर्षांनी लागला.

मग हसणं बंद झालं. मग दुसऱ्यांदा ती मला टाकून गेली आणि मागं, ट्रॅक्टरवरून आलेल्या पोखर्णीच्या लोकांत कुणीतरी किंचाळलं, "राजे!" आणि सगळेच उठले. सात तारखेला तुंबलेलं सगळं ओरडणं त्यांनी आज ओरडून घेतलं.

ती संपली तेव्हा माझ्या दोन फेऱ्या राहिल्या होत्या. मी थांबले असते तर चाललं असतं. थांबले नाही. त्या दोन फेऱ्या सगळं मैदान गप्प बसून मला बघत होतं, एक जाड, चौतीस वर्षांची बाई, छातीतून शिट्टी वाजतेय, पोट हलतंय. कुणीतरी मोबाईल धरला होता. धर म्हणावं.

रेघ ओलांडून मी मंचाच्या पायरीपाशी ओकले. अण्णांच्या पांढऱ्या बुटांच्या अगदी जवळ. त्यांनी चपळाईनं पाय मागं घेतले.

कप मी पिशवीतून आणला होता. आईनं तो हातात दिला. मी माईक घेतला नाही, पण आवाज निघाला. "हा कप पोखर्णीचा आहे. चुकून माझ्याकडं आला होता."

लोकांना समजलं. काही जण हसले, काहींनी अण्णांकडं बघितलं.  मग माझ्यासाठी आणलेला हार उचलून त्यांनी राजेश्रीच्या गळ्यात घातला आणि माईकवर म्हणाले, "आपल्या मातीची लेक!" मला पुन्हा एकदा ओकावंसं वाटलं, पण पोटात काही उरलं नव्हतं.

२८ जानेवारी

वसमत रोडचा फ्लेक्स बदलला. त्याच बांबूंवर, त्याच अण्णांखाली, आता राजेश्री. तिचं नाव चुकीचं लिहिलंय. दुकान मात्र उचललं नाही.

आदिनाथ ताडकळसला आला. ओट्याच्या खालीच उभा राहिला. आईनं त्याला बस म्हटलं नाही.

"अण्णा चिडले नाहीत," तो म्हणाला. "नाव बदलू म्हणतात. व्यवस्थापक मीच राहू शकतो."

"मग रहा."

"तसं नाही. मी सांगितलं, नको." मग म्हणाला, "मी काय करू ते सांग."

"पोखर्णीला जा. जिथं चहा घेतलास तिथंच बस, आणि सांग की तो शब्द मॅडमचा नव्हता."

"त्यांना माहीत झालंय की आता."

"तुझ्या तोंडून नाही झालेलं."

गेला. पोखर्णीला की घरी, माहीत नाही.

५ फेब्रुवारी

राज्य स्पर्धेची निवड महिनाअखेरीस. राजेश्री आठवडाभर रोज येतेय. पहिले दोन दिवस फक्त "हो" आणि "न्हाई". आज विद्यापीठाच्या रस्त्यावर अंग गरम करताना आपणहून म्हणाली, "सर आले होते काल. लय वेळ उभे होते. नीट बोलताच येईना त्यांना. बाबांनी चहा दिला."

"तू काय म्हणालीस?"

"मी नारळ सोलत होते." मग, "फ्लेक्सला फोटो मीच दिला मॅडम. अण्णांची माणसं आली होती. दुकान हाय ना."

मला वीट आला, अण्णांचा, फ्लेक्सचा, त्या सगळ्याचा. तिला काही बोलले नाही. आदिनाथबद्दलही मनात काही विरघळलं नाही. उद्या परवा विरघळेल का तेही माहीत नाही.

मग पळायला लागलो. ती पुढं, मी मागून ओरडतेय, खांदे सोड, वेग धर. थोड्या वेळानं ती थांबली, वळून माझ्यापर्यंत चालत आली. कपाळावर आठ्या.

"एक बोलू का मॅडम? राग येईल."

"बोल."

"तुमी सायकल घ्या. लय मागं ऱ्हायलात तुमी. काय सांगायलात ते मला एक अक्षर ऐकू येईना."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. कीव नव्हती. वैताग होता, आपला वेळ वाया चाललाय असा.

"शाळेच्या शिपायाची आहे सायकल," मी म्हणाले. "उद्यापासून आणते. जा तू."

ती गेली. मी तोंडातला चिकटा थुंकला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले, पहिल्यांदाच नुसती उभी, आणि तिला जाताना बघितलं. तिचं डावं पाऊल टेकताना जरासं बाहेर वळतंय. दोन वर्षं रोज तिच्या मागं पळाले आणि हे मला दिसलं नव्हतं. मी माझाच श्वास ऐकत होते.